वडिलांच्या मातीची जागा

माझ्या वडिलांना ज्या माणसाने गावात पुरू दिलं नाही, त्याचं नाक खाली व्हावं म्हणून मी सहा वर्षं झटले. देवावर सोपवलं, काळावर सोडून दिलं, असं मी काही केलं नाही. मी चौथ्या पिढीची ख्रिस्ती, दर रविवारी उपासनेला जाणारी, लहानपणी रविवारच्या शाळेत पाठांतराचं बक्षीस मिळवलेली. तरी मी हे ठरवून केलं आणि लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही. एक-दोन ठिकाणी वाटते. ती ठिकाणं आली की सांगेन.

आमचं गाव फलटण तालुक्यातलं. कालव्याचं पाणी, जिकडे बघावं तिकडे ऊस. ख्रिस्ती घरं नऊ, सगळी गावाच्या खालच्या अंगाला. पप्पा लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर साखर कारखान्याची जीप चालवायचे. ओढ्याच्या काठाला आमच्या लोकांची मातीची जागा, म्हणजे दफनभूमी, होती, आणि तिला लागून तात्यांचा ऊस. तात्या म्हणजे गावचे माजी सरपंच. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, मीही म्हणायची.

पप्पा आणि तात्या शाळेत एका बाकावर बसायचे. तात्यांचा पहिला ट्रॅक्टर पप्पांनीच सातारहून चालवत गावात आणला. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी माळावर नेऊन त्यांना शिकवला. नाताळात आईने केलेल्या करंज्यांचं पहिलं ताट तात्यांच्या घरी जायचं. ते घेऊन मीच जायची. तात्यांच्या पत्नी ताट कधी रिकामं परत देत नसत. गूळ नाहीतर शेंगा घालून द्यायच्या.

आमच्या घरात ख्रिस्ती असणं म्हणजे एवढंच होतं: कुणाला दुखवायचं नाही, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावायचं आणि आवाज चढवायचा नाही. शाळेत मुलं मला ‘किरिस्ताव’ म्हणून चिडवायची. बाई वर्गात विचारायच्या, ‘तुम्ही पूर्वीचे कोण गं?’ मी घरी येऊन रडायची. आई म्हणायची, ‘आपण चांगलं वागायचं. आपल्याकडं बघून लोकांना आपला प्रभू कळला पाहिजे.’ मी ते मनापासून धरलं. गावात आम्हाला सगळे ‘लय गरीब स्वभावाची मानसं’ म्हणायचे आणि मला ते कौतुक वाटायचं.

पप्पा मे महिन्यात गेले. सकाळी दाढी करता करता खुर्चीतच मान टाकली. मी तेव्हा विट्याला नोकरीला होते. दुपारच्या आत पोचले. फलटणहून चर्चचे पाळकसाहेब आले, सुताराने पेटी करायला घेतली. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, दोघंजण कुदळ-फावडं घेऊन ओढ्याकडे गेले आणि अर्ध्या तासात परत आले. एकाने दारातच खाली बसून सांगितलं, ‘वाटच न्हाई. तात्यानं ट्रॅक्टर आडवा लावलाय.’

मला आधी वाटलं, गैरसमज झाला असेल. मी तशीच चालत गेले.

माझी आजी त्या जागेत बारा वर्षांपूर्वी पुरली होती. त्यानंतर आमच्या नऊ घरांतलं जे कुणी गेलं, ते पुण्या-मुंबईला मुलांकडे गेलं आणि त्यांची माती तिकडेच झाली. मधल्या काळात जागेवर घाणेरीची झुडपं माजली आणि मग घाणेरी काढून तिथे ऊस आला होता. मला एकही दगड दिसेना. डोक्याएवढा ऊस, मधून ठिबकच्या काळ्या नळ्या. बांधावर ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या सावलीला तात्या.

‘तात्या, वाट द्या. पप्पांना आणायचंय.’

‘कुठं आनतीस? हितं काय हाय? ऊस हाय माझा.’

‘माझी आजी आहे इथं. पणजोबा आहेत.’

‘असतील. कागुद हाय का तुझ्याकडं?’

 मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी मोजून देणं हेच माझं काम. आमच्या स्वतःच्या लोकांच्या जागेचा एक कागद मी कधी काढून बघितला नव्हता.

तात्या थोडे नरमाईने म्हणाले, ‘हे बघ पोरी, तुझ्या बापाशी माझं वाकडं न्हाई. पन आज ह्याला वाट दिली की उद्या समद्यांना द्यावी लागंल.’

तोवर बांधावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळी पप्पांना ओळखणारी. कुणाच्या मुलाला त्यांनी भरतीला नेलं होतं, कुणाच्या बायकोला बाळंतपणासाठी जीपमधून फलटणला. एकजणही बोलला नाही. शेवटी पोलीस पाटील पुढे आले आणि मला म्हणाले, ‘मयताचा दिवस हाय, वाद नको. तुमच्यात तर शांतीनंच घ्यायचं असतंय न्हवं?’

तात्यांनी अडवलं त्यापेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. आजही लागतं. माझा धर्म काय सांगतो ते मला तो माणूस शिकवत होता, आणि तेही मी गप्प बसावं म्हणून. आमच्या चार पिढ्यांनी जो चांगुलपणा केला, त्याचा त्या गावाने एवढाच अर्थ काढला होता की, ह्यांना हाकललं तरी चालतं.

घरी आले तर आईने सगळं ऐकलेलंच होतं. ती म्हणाली, ‘चला. सातारला न्या त्यांना.’ दुधाचे कॅन नेणारा टेम्पो मिळाला. पेटीभोवती बर्फ ठेवला. सातारच्या मंडळीने जागा दिली, माणसं दिली, आमच्यासाठी चहा केला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण पप्पांच्या एका बाजूला कोण आहे आणि दुसऱ्या बाजूला कोण, हे मला माहीत नव्हतं. मी पेटीवर माती टाकली आणि मनात तात्यांचं नाव घेतलं.

विट्याला परतल्यावर पहिल्याच महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकर आणि प्याला घ्यायला सगळे उठले. मी उठले नाही. आमच्यात शिकवण आहे की कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवावं, मग प्रभूच्या मेजाला यावं. मला ते मिटवायचं नव्हतं, मग ढोंग कशाला? पुढच्या महिन्यातही उठले नाही. तिसऱ्या महिन्यात तिथले पाळकसाहेब घरी आले.

‘बाई, मनात काही आहे का?’

‘आहे.’

‘प्रार्थना करू या?’

‘करा. पण ते जावं म्हणून करू नका.’

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘तुम्ही खरं बोललात. पुष्कळजण वैर पोटात ठेवून पुढे येतात.’ मला त्यांचा राग आला नाही. पण मी बदललेही नाही.

सुट्टी काढून मी फलटणला जाऊ लागले. तो तालुका माझ्या कामाच्या हद्दीत नव्हता, जिल्हाही वेगळा. त्यामुळे मला तिथे काही करता येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. माझ्या हातचं काही असतं तर तात्यांनी त्यावरच बोट ठेवलं असतं. मी साध्या अर्जदारासारखी रांगेत उभी राहून नकला मागितल्या. तिसऱ्या खेपेला जुन्या मोजणीचा हाताने काढलेला नकाशा सापडला. ओढ्याच्या वळणाला लागून आठ गुंठे, आणि त्यावर कुणा जुन्या कारकुनाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘ख्रिस्ती लोकांची मसणवट’. सातबाऱ्यावरही नोंद तशीच होती. कुणी खोडली नव्हती, आणि इतक्या वर्षांत कुणी बघितलीही नव्हती.

मोजणीचा अर्ज गावातल्या मंडळीने करायला हवा होता. त्यासाठी तिघांच्या सह्या लागत होत्या. मी घरोघर गेले. मंडळीचे एक म्हातारे पंच म्हणाले, ‘बाई, तू नोकरीवाली. आमाला रोज त्याच्या बांधावरनं जायचं असतंय. आमची पोरं त्याच्या उसावर तोडीला जात्यात.’

मी त्यांना म्हणाले, ‘मग तुमच्या मातीला कुठला टेम्पो सांगायचा ते आत्ताच सांगून ठेवा.’

त्यांनी सही केली. सही करताना त्यांनी मान वर केली नाही. लाज वाटते असं मी म्हटलं ते हे एक ठिकाण. माझ्या रागापायी मी एका गरीब म्हाताऱ्याला त्याच्या मरणाची भीती घातली.

मोजणीची तारीख लागली, तात्यांना नोटीस गेली. त्या दिवशी मी बांधावर जाऊन उभी राहिले. मोजणीला आलेला तरुण मला ओळखत नव्हता. त्याच्याकडे काठीवरचं नवं यंत्र होतं, उपग्रहावरून जागा दाखवणारं. तो उसातून चालत होता आणि त्याच्यामागून एक माणूस चुन्याच्या खुणा टाकत होता. पहिली खूण उसात चार सऱ्या आत पडली. दुसरी आणखी आत. तिसऱ्या खुणेला तो थांबला, यंत्राकडे बघितलं, पुन्हा मागे जाऊन परत आला आणि म्हणाला, ‘विहीर हद्दीच्या आत येतीय.’

तात्यांची विहीर. सिमेंटच्या कड्यांची, तीन एकर ऊस भिजवणारी, दहा वर्षांपूर्वी खणलेली. ती सगळीच्या सगळी आमच्या मातीच्या जागेत होती. कुणास ठाऊक, कुणाच्या हाडांतून खणली होती.

तात्या म्हणाले, ‘मशीन बिगडलंय.’

तरुणाने पुढची खूण टाकायला सांगितली. त्यांनी टोपी काढून परत घातली. त्यांचं तोंड उतरलेलं मी बघत होते आणि मला इतका आनंद झाला की पाय बांधावर ठरेनात. लग्नात झाला नव्हता, मुलगी झाली तेव्हा झाला त्याहून वेगळा, कडक, दारूसारखा आनंद. मी दारू कधी प्यायलेली नाही. पण तसाच असणार.

तात्यांनी अपील केलं. वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा मोजलं. खुणा त्याच जागी पडल्या. मग तहसील कार्यालयात तारखा, जबाब, पुन्हा तारखा. एकेका तारखेला पाच-पाच महिने. मी प्रत्येक तारखेला गेले. माझी बदली सांगलीला झाली, तिथूनही गेले. शेवटी अतिक्रमण काढण्याचा आदेश झाला.

आदेश झाल्यावर आठ दिवसांनी तात्या सांगलीला माझ्या घरी आले, पत्नीला घेऊन. हातात गुळाची ढेप. आई तेव्हा माझ्याकडेच राहायला होती. तिने दार उघडलं आणि सवयीने म्हणाली, ‘या, बसा.’ पाणी दिलं. मी समोर बसले.

तात्या म्हातारे झाले होते. गुडघे धरून बसले. मग म्हणाले, ‘बाई, ऊस तोडून न्हेतो. जागा मोकळी करतो. पन हीर ऱ्हाऊ द्या. तिच्यावर समदं हाय.’

‘विहीर बुजवायची. आदेशात आहे.’

‘व्हय, हाय. पन तुमी मनावर घेतलं तर…’ ते थांबले आणि त्यांनी ते वाक्य काढलंच. ‘तुमच्यात माफी असती.’

मी सहा वर्षं ह्या वाक्याची वाट बघत होते. ‘तात्या, माफी आमच्यात असते आणि तुमच्यात नसते का? तुमच्यात मैत्रीसुद्धा नसते? एका ताटात जेवलेल्या माणसाला चार हात जागा द्यायला कुठला धर्म लागतो? माफी ही माझी वस्तू आहे. द्यायची की नाही ते मी बघेन. तुम्ही ती हक्काने मागायला येऊ नका.’

तात्यांच्या पत्नी पदराने डोळे पुसू लागल्या. आई म्हणाली, ‘बास कर.’ मी बास केलं नाही.

‘एक सांगते. ग्रामसभेत उभं राहून बोला. तुम्ही काय केलंत आणि का केलंत, सगळ्यांसमोर. विहिरीचं त्यानंतर बघू.’

विहीर ठेवायची असं माझ्या मनात मुळीच नव्हतं. ‘बघू’ म्हणाले ते त्यांना उभं करण्यासाठी. लाज वाटण्याचं हे दुसरं ठिकाण.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात भरली. त्या बांधावर जी माणसं गप्प उभी होती ती सगळी आली होती. पोलीस पाटीलही. तात्या उठले. पंधरा वर्षं सरपंच असलेला माणूस, पण मान खाली. म्हणाले, ‘मी वाट आडवली. जागा त्यांची हाय हे मला ठावं होतं. तवा खड्डा खनला असता तर खालची हाडं वर आली असती, समद्यांनी बघितली असती. म्हनून ट्रॅक्टर लावला. मला ऊस दिसला. दोस्त दिसला न्हाई.’ आणि खाली बसले.

 मी पुढच्या रांगेत मान ताठ करून बसले होते.  लोक म्हणतात, सूड घेतल्यावर हाती काही लागत नाही. माझ्या हाती लागलं. पुढचे कित्येक दिवस मला भाजी-भाकरीची चव लागत होती, जी सहा वर्षांत लागली नव्हती.

राहिली विहीर. ती जागा मंडळीची, म्हणून नऊ घरांची बैठक झाली. मी आग्रहाने सांगितलं, उद्याच मशीन बोलवा आणि बुजवा. तेव्हा मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई उठली. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला गेलेली. मला म्हणाली, ‘तू लय केलंस बाई. तुझ्यामुळं जागा मिळाली. पन तू उद्या सांगलीला जाशील, हितं आमी ऱ्हानार. आता पानी कुनाचं हाय?’

‘आपलं.’

‘मग कुनाला द्यायचं ते आमी ठरवू. एवढ्या वर्सांत आमाला कुनी काय मागितलं न्हवतं. द्यायला आमच्याकडं व्हतंच काय? आज हाय, तर मला देऊन बघू दे.’

मी चिडून विचारलं, ‘मावशी, तुम्ही त्याला माफ केलंत?’

‘मला काय ठावं? तुझा बाप हाय, तुझं तू बघ. मी पान्याचं बोलतीया.’

हात वर झाले. सात घरं एका बाजूला, दोन माझ्या. विहीर मंडळीच्या नावावर राहिली. आठवड्यातून चार दिवस पाणी तात्यांच्या उसाला, तीन दिवस आमच्या लोकांच्या घरामागच्या परड्यांना. त्या म्हाताऱ्या पंचाने कागद लिहिला. ह्या वेळी तो त्यांनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मी सही न करता उठून आले आणि बसस्टँडवर जाऊन रागाने रडले. माझ्या हातातून माझा सूड काढून घेतला होता, तोही माझ्याच लोकांनी.

नंतर मला थोडं कळलं. आई आयुष्यभर जे करत आली आणि मावशीने जे केलं, ते बाहेरून एकसारखं दिसतं, पण तसं नाही. आई देत होती, कारण न देण्याची आम्हाला सोय नव्हती. मावशीने मालकीण होऊन दिलं. आधी हे आमचं आहे म्हणून सांगितलं, मग दिलं. मी ख्रिस्ती आहे म्हणजे कोण आहे, हे मला कुठल्या उपदेशापेक्षा त्या बाईने जास्त दाखवलं. पण कळणं आणि वाटणं ह्यात अंतर असतं. मला तात्यांविषयी काही चांगलं वाटेना. प्रभुभोजनाला मी पुन्हा जाऊ लागले ते मावशीच्या शेजारी बसून, एका नाताळात गावी गेले तेव्हा. तिने माझ्या कोपराला धरून उठवलं. मी तिला म्हणाले, ‘माझं मन अजून साफ नाही.’ ती म्हणाली, ‘माजंबी न्हाई. चल.’

ओढ्याकाठची जागा आता साफ आहे. चारी कोपऱ्यांना दगड रोवलेत. आई गेल्यावर तिला तिथेच न्यायचं असं मी धरून चालले होते. गावाच्या मधून पेटी न्यायची, सावकाश, दिवसाढवळ्या. खरं तर ते दृश्य मी कित्येकदा मनात बघितलं होतं आणि त्यात आईपेक्षा गावच जास्त दिसायचं.

आई मागच्या पावसाळ्यानंतर आजारी पडली. सांगलीच्या दवाखान्यात एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. ‘मला सातारला ने.’

‘आई, आपली जागा मिळालीय. गावात.’

‘ती तुला पायजे होती. मला ह्यांच्याजवळ जायचंय.’

मी वाद घातला नाही. तीन दिवसांनी ती गेली, आणि आम्ही तिला सातारला नेलं. पप्पांच्या लगत जागा नव्हती. त्याच रांगेत, पाच कबरी सोडून मिळाली. पाच अनोळखी माणसं त्या दोघांच्या मध्ये. ती पाच माणसं तात्यांनी तिथे आणून ठेवली आहेत. कुठल्याही मोजणीने ती हलणार नाहीत.

मातीला गावाकडून एक जीप आली. मावशी उतरली, आमची माणसं उतरली आणि सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, तात्या. ते दफनभूमीच्या फाटकापाशीच थांबले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, संपवली. लोक ओळीने माती टाकू लागले. तात्या तिथेच. मावशीने माझ्याकडे बघितलं.

मी फाटकापर्यंत गेले.

तात्यांनी विचारलं, ‘येऊ का?’

‘आईची माती आहे,’ मी म्हणाले. ‘तिने तुम्हाला घरात घेतलं होतं. या.’

ते माझ्यामागून आले. वाकता येत नव्हतं, म्हणून माझ्या मुलीने त्यांच्या हातात मूठभर माती दिली. ती टाकून ते पप्पांच्या कबरीकडे गेले आणि तिच्या पायथ्याशी काठी धरून उभे राहिले. ओठ हलत होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही आणि मी ते ऐकायला जवळही गेले नाही. ते बोलणं माझ्याशी नव्हतं.

परतताना मुलीने मला विचारलं, ‘तू त्यांना माफ केलंस?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘आत येऊ दिलं.’